रात्रीचा श्वास आणि नोंदींची पेढी

विद्यार्थी मित्रहो, रात्रीच्या एस.टी.ने प्रवास करताना शेजारी कोणी घोरणारे गृहस्थ बसले आहेत, असा अनुभव तुम्हांला केव्हातरी आला असेल. अशा वेळी आपल्याला राग येतो. पुढच्या खेपेस रागावू नका. हातातील घड्याळाकडे पाहा आणि नीट कान देऊन ऐका. बहुतेक माणसे एका लयीत घोरतात. पण काही माणसांचे घोरणे वाढत वाढत जाते आणि एकदम थांबते. सगळे शांत होते. दहा सेकंद जातात, वीस जातात, कधी तीसही जातात. मग एक मोठा हुंकार येतो, मान हलते, माणूस धापा टाकल्यासारखा श्वास घेतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. मधल्या शांततेत ते गृहस्थ गाढ झोपलेले नसतात. त्यांचा श्वास अडलेला असतो.

माझे मामा असेच घोरत. उसाच्या हंगामात ते कारखान्यावर ट्रक चालवीत आणि रिकाम्या दिवसांत आमच्याकडे मुक्कामाला येत. आम्ही भाचरे त्यांना कुंभकर्ण म्हणत असू. मामींना मात्र हसू येत नसे. “यांचा श्वास मध्येच जातो रे,” असे त्या म्हणत आणि घरातील मोठी माणसे ते हसण्यावारी नेत. एका जानेवारीत, पहाटे, भरलेला ट्रक घेऊन जाताना मामांचा डोळा लागला आणि ट्रक रस्ता सोडून चारीत गेला. सुदैवाने ते वाचले. आदल्या रात्री आठ तास झोपलेल्या माणसाला पहाटे डुलकी कशी लागली, हा प्रश्न तेव्हा कोणीच विचारला नाही. पुष्कळ वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा मामींचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले.

या विकाराला स्लीप ॲप्निया किंवा मराठीत झोपेतील श्वासरोध असे म्हणतात. त्याचे पदार्थविज्ञान मोठे मनोरंजक आहे. पण त्याहूनही शिकण्यासारखी आहे ती या विकाराचा अभ्यास करण्याची एक पद्धत. ती पद्धत म्हणजे अनेक रुग्णांच्या नोंदी एका ठिकाणी जमा करून त्या सर्वांना वापरावयास देणे. रक्तपेढी आपणांस ठाऊक आहे. ही नोंदींची पेढी आहे.

श्वास अडतो कसा?

प्रथम एक प्रयोग करा. उन्हाळ्यात शाळेबाहेर बर्फाची ‘पेप्सी’ विकतात, तिची लांबट, पातळ पिशवी घ्या. ती स्वच्छ धुऊन दोन्ही टोके कापा, म्हणजे एक मऊ नळी तयार होईल. तिचे एक टोक ओठांत धरून फुंकर मारा. नळी फुगते आणि हवा सहज बाहेर जाते. आता त्याच नळीतून हवा आत ओढून पाहा. नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि वाट बंद होते. जितक्या जोराने ओढाल तितकी ती अधिक घट्ट मिटते.

याचे कारण सोपे आहे. हवा आत ओढताना नळीतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो. बाहेरची हवा मऊ भिंतींना आत ढकलते. शिवाय वाट अरुंद झाली की तेथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि बर्नोलीच्या तत्त्वानुसार तेथील दाब आणखी उतरतो. नळी टणक असती, तर काहीच बिघडले नसते.

आपल्या श्वासनळीला कूर्चेची कडी असतात, म्हणून ती मिटत नाही. पण तिच्या वरचा, जिभेच्या मुळामागचा घशाचा भाग मऊ असतो. जागेपणी तेथील स्नायू ताणलेले असल्याने वाट मोकळी राहते. झोपेत हे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, गळ्याभोवती चरबी आहे किंवा जबडा मागे आहे, त्यांची वाट आणखी अरुंद होते. मऊ भिंती थरथरू लागतात, ते घोरणे. भिंती मिटतात, तो श्वासरोध.

श्वास अडला की रक्तातील प्राणवायू उतरू लागतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो. मेंदूला हे कळते. तो क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि वाट उघडते. त्या माणसाला सकाळी यातले काहीही आठवत नाही. मात्र रात्रभरात शेकडो वेळा असे झाले, तर त्याची झोप आठ तासांची दिसली, तरी ती तुकड्यातुकड्यांची असते. दिवसा डोळ्यांवर झापड येते आणि पुढे रक्तदाबासारख्या तक्रारीही दिसू लागतात.

वैद्यकात याची मोजणी ठरलेली आहे. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा ठरावीक प्रमाणात मंदावला, तर तो एक प्रसंग धरतात. झोपेच्या दर तासाला असे किती प्रसंग घडले, तो आकडा काढतात. मोठ्या माणसांत ५ च्या आत आकडा असेल, तर काळजी नाही. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० वा त्याहून अधिक म्हणजे तीव्र विकार. समजा, सात तासांच्या झोपेत २१० प्रसंग घडले. २१० ला ७ ने भागले की ३० येतात. म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा श्वास अडला.

नाडीवरून श्वास ओळखता येईल काय?

ही मोजणी करण्यासाठी रुग्णाला एक रात्र प्रयोगशाळेत झोपवितात. डोक्यावर मेंदूच्या विद्युत्-लहरी टिपणाऱ्या तारा, डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर तारा, नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छातीवर आणि पोटावर पट्टे, छातीवर ई.सी.जी. आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा असा सारा सरंजाम असतो. तो खर्चाचा आहे आणि मोठ्या शहरांबाहेर सहजी मिळत नाही. म्हणून संशोधकांना प्रश्न पडला, की एकट्या ई.सी.जी.वरून श्वासरोध ओळखता येईल काय?

प्रश्न वाटतो तितका विचित्र नाही. शांत बसून मनगटावर नाडी धरा. पाच सेकंद सावकाश श्वास आत घ्या, पाच सेकंद सोडा. मित्राला शेजारी बसवून तुमचे ठोके टिपावयास सांगा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते, असे तुमच्या वयात तर बरेच स्पष्ट दिसते. म्हणजे हृदयाच्या तालावर श्वासाची छाप असते. श्वासरोधात ही छाप आणखी ठळक होते. श्वास अडलेला असताना हृदयाचे ठोके मंदावतात आणि श्वास सुटताच ते धावू लागतात. दर अर्ध्या ते एका मिनिटाने हे चक्र फिरते. ठोक्यांच्या वेगाचा आलेख काढला, तर झोपाळा वरखाली व्हावा तसा दिसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्त्यॅन गियेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या चक्राचे वर्णन केले. याशिवाय श्वासाबरोबर छाती फुगते आणि हृदय व तारा यांचे परस्परांतील स्थान जरासे बदलते, त्यामुळे ई.सी.जी.च्या टोकांची उंचीही कमीजास्त होते.

एवढे कळल्यावर निरनिराळ्या ठिकाणच्या संशोधकांनी निरनिराळ्या रीती काढल्या. आणि येथेच घोटाळा सुरू झाला. प्रत्येकाने आपली रीत आपल्याच रुग्णांवर तपासली आणि ती उत्तम आहे, असे सांगितले. कल्पना करा, की प्रत्येक शाळेने दहावीची प्रश्नपत्रिका स्वतःच काढली, स्वतःच तपासली आणि आपला निकाल शंभर टक्के जाहीर केला. मग कोणती शाळा चांगली, हे कसे ठरवावयाचे? त्यासाठी सर्वांना एकच प्रश्नपत्रिका हवी.

सत्तर रात्रींचा संग्रह

अशी समान प्रश्नपत्रिका हृदयविज्ञानात आधीच तयार झाली होती. अमेरिकेतील बॉस्टन येथील बेथ इझ्राएल रुग्णालय आणि मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांनी १९८० साली हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा एक संग्रह पुरा केला. त्यात ४७ व्यक्तींचे, प्रत्येकी अर्ध्या तासाचे ४८ ई.सी.जी. होते. त्यांतील एक लाखाहून अधिक ठोके तज्ज्ञांनी एकेक करून तपासले होते. सुरुवातीस हा संग्रह चुंबकीय फितींवर पाठवीत असत. पुढे १९८९ मध्ये तो सी.डी.वर आला. १९९९ साली फिजिओनेट नावाची पेढी सुरू झाली आणि असे अनेक संग्रह जगातील कोणालाही विनामूल्य मिळू लागले.

या पेढीत श्वासरोधाच्या नोंदी आल्या त्या जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठातून. तेथील टोमास पेन्झेल यांनी झोपलेल्या व्यक्तींचे ७० ई.सी.जी. दिले. प्रत्येक नोंद सात ते दहा तासांची. दर सेकंदाला १०० वेळा हृदयाचा विद्युत्-दाब मोजलेला. जरा हिशेब करू. आठ तासांचे २८,८०० सेकंद होतात, म्हणून एका रात्रीच्या २८,८०,००० संख्या. सत्तर रात्रींच्या वीस कोटींहून अधिक! रात्रीचे सर्व आलेख पाहून तज्ज्ञाने प्रत्येक मिनिटापुढे खूण केली होती, की या मिनिटात श्वासरोध होता किंवा नव्हता.

२००० साली या नोंदींवर एक खुली स्पर्धा ठेवण्यात आली. सत्तरपैकी ३५ नोंदी उत्तरांसकट दिल्या होत्या आणि ३५ नोंदींची उत्तरे झाकून ठेवली होती. मागील वर्षांच्या सोडविलेल्या प्रश्नपत्रिका हाती द्याव्यात आणि परीक्षा मात्र नव्या प्रश्नांवर घ्यावी, तसेच हे. हे झाकून ठेवणे फार महत्त्वाचे आहे. ‘गाइड’ पाठ केलेल्या मुलाला त्यातलीच गणिते घातली, तर तो शंभर गुण मिळवील. त्याला गणित येते की नाही, हे आकडे बदलल्यावरच समजते. संगणकाच्या रीतींचेही तसेच आहे.

स्पर्धेत कोणती नोंद रुग्णाची आणि कोणती निरोग्याची, हे तर काही गटांनी एकही चूक न करता ओळखले. झाकलेल्या सुमारे सतरा हजार मिनिटांपैकी प्रत्येकाचा निवाडा करण्यात सर्वांत पुढे असलेल्या गटाची उत्तरे शंभरांत ९२ हून अधिक वेळा बरोबर आली. छातीवरच्या दोन-तीन तारांवरून एवढे कळावे, ही गोष्ट लहान नव्हती.

याच संग्रहात एक धडा लपलेला आहे. उत्तरांसकट दिलेल्या नोंदींपैकी दोन नोंदी एकाच माणसाच्या एकाच रात्रीच्या आहेत, एक दुसरीनंतर फक्त ८० सेकंदांनी सुरू होते. हे ध्यानात न घेता कोणी त्यांतील एक नोंद अभ्यासाला आणि दुसरी परीक्षेला घेतली, तर पेपर फुटल्यासारखेच होईल. ही बाब आता संग्रहाच्या माहितीतच नमूद केलेली आहे. नोंदी उघड्या असल्या, की चुकाही अनेकांच्या नजरेस येतात. बंद कपाटातील वहीत तसे होत नाही.

हा काय फायदा आहे, ते सांगलीकरांना वेगळे सांगावयास नको. आयर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी एकटी पाहून पूर किती येईल, हे सांगता येत नाही. ४५ फुटांची धोक्याची खूण पार होण्याआधी काही करावयाचे, तर महाबळेश्वरचा पाऊस, कोयनेचा विसर्ग, कऱ्हाडची पातळी या सर्व नोंदी एकत्र पाहाव्या लागतात. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा त्या नोंदी आपण सर्वांनी श्वास रोखून वाचल्या आहेत. एका ठिकाणच्या आकड्याला अर्थ येतो तो इतर ठिकाणच्या आकड्यांमुळे.

पुढे याहून पुष्कळ मोठे संग्रह झाले. अमेरिकेत १९९५ ते १९९८ या काळात ६,४४१ स्त्री-पुरुषांना एका अभ्यासात घेतले गेले आणि त्यांच्या झोपेच्या नोंदी घरीच केल्या गेल्या. श्वासरोध जितका अधिक, तितके उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक, असे त्यांवरून २००० साली दाखविण्यात आले. त्या अभ्यासातील बहुतेक नोंदी २०१४ पासून झोपेच्या एका राष्ट्रीय पेढीतून संशोधकांना मिळतात.

“सर, यात आपल्याकडचे कोण आहे?”

आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी मारबुर्गचा संग्रह संगणकावर उतरवून घेतला आणि ठोक्यांच्या वेगाचे आलेख काढले. झोपाळ्यासारखी लाट पडद्यावर दिसताच वर्गात आनंद झाला. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, यात आपल्याकडचे कोण आहे?”

मला उत्तर द्यावे लागले, की कोणी नाही. सत्तर नोंदी, पण माणसे ३२ च. त्यांत स्त्रिया फक्त सात. सर्व नोंदी एकाच जर्मन विद्यापीठातून आलेल्या. त्यांपैकी ४० नोंदी अशा, की ज्यांत रात्रीतून शंभर वा अधिक मिनिटे श्वासरोधाची आहेत. गावात घरोघर फिरलो, तर असे प्रमाण मुळीच मिळणार नाही. या संग्रहावर शिकलेली रीत ऊसतोडणीच्या मजुराला किंवा आपल्या आजीला लागू पडेल काय? ते न तपासता कसे सांगावे?

हा प्रश्न किती खरा आहे, ते दुसऱ्या एका उपकरणाने दाखवून दिले आहे. २०२० च्या करोनाच्या साथीत गावोगावी बोटाला लावावयाचा चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, तुम्ही पाहिला असेल. त्याचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडले. बोटातून दोन प्रकारचे प्रकाशकिरण सोडतात. एक तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि दुसरा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. प्राणवायू नसलेले हीमोग्लोबिन तांबडा प्रकाश अधिक शोषते, म्हणून या दोन किरणांच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून प्राणवायूचे प्रमाण कळते. पण त्वचेतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते! डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात एका विद्यापीठाच्या रुग्णालयातील नोंदींबरोबरच १७८ रुग्णालयांच्या एकत्रित संग्रहातील नोंदीही घेतल्या होत्या. चिमटा ‘ठीक आहे’ म्हणतो आणि रक्ताची प्रत्यक्ष तपासणी प्राणवायू धोकादायक रीतीने कमी असल्याचे सांगते, असे प्रसंग गोऱ्यांच्या मानाने कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट वेळा आढळले. उपकरण कित्येक वर्षे वापरात होते. चूक समोर असूनही ती अशी स्पष्टपणे पुढे आली, ती सर्व प्रकारच्या माणसांच्या पुष्कळ नोंदी एकत्र पाहिल्यावर. चूक शोधून काढली तीही सामायिक नोंदींनीच, हे विसरू नका.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे मात्र नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी प्रश्नावली दिली आणि त्यांपैकी २५० जणांच्या झोपेची घरी नोंद केली. त्यावरून असे अनुमान निघाले, की अशा पुरुषांत शंभरी १९.५ जणांचा श्वास झोपेत तासाला पाच वा अधिक वेळा अडखळतो. दिवसाच्या झापडीसह पुरा विकार शंभरी ७.५ जणांना असतो. हा विकार केवळ पाश्चात्त्यांचा आहे, ही समजूत त्यामुळे मोडली. पण हेही पुरुष, आणि तेही शहरातले.

खेड्यातील झोपेविषयी विचारपूस झाली ती पुणे जिल्ह्यातील वढू येथे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव आपल्याला ठाऊक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र तेथे आहे. आशिया व आफ्रिका खंडांतील आठ देशांच्या एका अभ्यासात वढूचा भाग भारतातर्फे होता. पन्नाशीच्या पुढील ४३,९३५ माणसांना झोपेच्या त्रासाबद्दल विचारण्यात आले आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झोपेचा तीव्र त्रास सांगणारे एकंदरीत शंभरी १६.६ निघाले. पण इंडोनेशियातील एका ठिकाणी हा आकडा ३.९, तर बांगलादेशातील मतलब येथे ४० हून अधिक! मात्र हे आकडे विचारून मिळविलेले आहेत, मोजून नव्हेत. माझ्या मामांना विचारले असते, तर “मला तर पडल्या पडल्या झोप लागते,” असेच त्यांनी सांगितले असते. आणि श्वासरोधाच्या रुग्णाला खरोखर तसेच वाटते. विचारावयाचेच, तर मामींना विचारावयास हवे होते.

थोडे अंकगणित

कोणी म्हणेल, की उपकरण शंभरांत ९० वेळा बरोबर असेल, तर गावोगावी वाटून टाकावे. जरा थांबून हिशेब करू. समजा, २,००० पुरुष तपासले आणि मुंबईचे शंभरी ७.५ हे प्रमाण धरले. म्हणजे १५० रुग्ण आणि १,८५० निरोगी. उपकरण शंभर रुग्णांपैकी ९० ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी ९० जणांना निरोगी ठरविते, असे माना. मग १५० पैकी १३५ रुग्ण सापडतील. पण १,८५० निरोग्यांपैकी १८५ जणांनाही ते रुग्ण ठरवील. एकूण ३२० जणांना ‘रुग्ण’ अशी चिठ्ठी मिळाली आणि त्यांत खरे १३५. म्हणजे निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या खोट्या! ज्या संग्रहात निम्म्याहून अधिक नोंदी विकाराच्या आहेत, तेथे हेच उपकरण फार चांगले दिसेल. यावरून उपकरण निरुपयोगी ठरत नाही. पुढची तपासणी कोणाची करावी, हे ते सुचवू शकते. पण कोणत्या माणसांवर ते पारखले, हे विचारल्याशिवाय ‘नव्वद टक्के’ या शब्दांना अर्थ नाही.

नाव खोडले म्हणजे झाले काय?

आता दुसरी बाजू. आपल्याकडच्या नोंदीही पेढीत जाव्यात, असे आपण म्हटले. पण त्या नोंदी कोणाच्या? झोप ही माणसाची अगदी खाजगी गोष्ट आहे. एखाद्या चालकाला हा विकार आहे, हे मालकाला कळले, तर त्याची नोकरी जाईल. मग तो तपासणीलाच येणार नाही.

नाव खोडून टाकले की काम झाले, असे पूर्वी वाटे. अमेरिकेतील मॅसॅच्यूसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या आजाराच्या नोंदी नावे काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने वीस डॉलर देऊन केंब्रिज या गावाची मतदारयादी विकत घेतली. दोन्ही याद्यांतील जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक जुळवून तिने त्या राज्याच्या गव्हर्नरांचीच नोंद शोधून काढली. या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील शंभरी ८७ माणसे एकटी ओळखू येतील, असा अंदाज तिने पुढे मांडला. आपल्याकडे तर हे आणखी सोपे. ‘वाळवे तालुका, छोटे गाव, वय ६१, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, वजन ९० किलो’ एवढे लिहिले, की गावातले शेंबडे पोरही नाव सांगेल!

म्हणून चांगल्या पेढीत नावाबरोबर गावही काढतात, तारखा मागेपुढे सरकवितात, अतिवृद्धांची नेमकी वये न देता एक गट करतात. नाजूक नोंदी हव्या असतील, त्याने नियम पाळण्याचे लेखी वचन द्यावे लागते. आणि सर्वांत आधी, ज्याची नोंद आहे त्याला नीट समजावून त्याची संमती घ्यावयाची. भारताच्या संसदेनेही २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अर्थात माहिती जितकी झाकावी, तितकी ती संशोधनास कमी उपयोगी पडते. गाव काढले की गावच्या पाण्याचा, कामाचा, हवेचा संबंध शोधता येत नाही. झाकणे आणि उघडणे यांचा हा तराजू प्रत्येक संग्रहाला सांभाळावा लागतो. कोणताही नियम हा तराजू कायमचा स्थिर करू शकत नाही.

मामांचे काय झाले?

तपासणीत मामांचा आकडा तासाला ४० च्या घरात आला. त्यांना रात्री नाकावर लावावयाचे एक यंत्र मिळाले. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही युक्ती प्रसिद्ध केली. यंत्र नाकावाटे सतत जराशा जास्त दाबाची हवा सोडते. हा जास्तीचा दाब साधारण दहा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. पेप्सीच्या पिशवीत फुंकर मारल्यावर काय झाले, ते आठवा. मऊ नळी फुगून उघडी राहिली. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसती फुंकर! पहिल्या आठवड्यानंतर मामा म्हणाले, “वीस वर्षांनी झोपलो बघ.” मामी मात्र कित्येक रात्री मध्येच उठून बसत. घोरणे थांबले, म्हणजे श्वास गेला, अशी त्यांच्या कानांना सवय झाली होती.

मित्रहो, तुमच्या घरी कोणी असे घोरत असेल, मध्येच थांबून हुंकार देत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर हसू नका. घड्याळ घ्या. अर्ध्या तासात किती वेळा श्वास थांबला आणि किती सेकंद थांबला, हे त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने वहीत लिहा. ही वही वर्गात वाचून दाखवू नका. ती डॉक्टरांना दाखवा. निदान ते करतील, पण तुमची नोंद त्यांना उपयोगी पडेल.

आणि तुमच्यापैकी कोणाला पुढे गणित, संगणक किंवा वैद्यक यांची आवड लागली, तर त्या मुलीचा प्रश्न मनात ठेवा. जगाच्या पेढीतून नोंदी काढून घेणे आपल्याला आता सोपे झाले आहे. तीत आपल्या माणसांच्या नोंदी, त्यांची संमती घेऊन आणि त्यांची अब्रू राखून, भरण्याचे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.